ताप आधी मला आला होता

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २७ वर्षांच्या आहेत. त्या आणि त्यांची बहीण हुबेहूब जुळ्या. बहिणीला बाराव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. यांना झालेला नाही. आजार कळला त्याच्या तीनेक आठवडे आधी दोघींना ताप येऊन गेला होता. आधी यांना, मग बहिणीला. 'तो ताप घरात मी आणला' हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आता बहिणीने जुळ्यांवरच्या एका संशोधन प्रकल्पात नाव नोंदवलंय आणि यांनीही रक्त द्यावं असा तिचा आग्रह आहे. यांचं म्हणणं, "आमची जनुकं तीच, म्हणजे आज ना उद्या मलाही होणारच. आधी कळून करायचं काय? त्यावर उपाय थोडाच आहे?" एकीकडे हे, आणि दुसरीकडे महिन्यातून दोन-तीनदा त्या बहिणीच्या ग्लुकोमीटरवर चोरून स्वतःचं बोट टोचून बघतात. आकडा नॉर्मल आला की आठवडाभर बरं वाटतं. प्रकल्पाला महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे.

उत्तर:

तुमचं पत्र वाचून झाल्यावर डोक्यात राहिलं ते ग्लुकोमीटरचं वाक्य. पण त्याकडे नंतर येते. आधी ताप, कारण ते ओझं पंधरा वर्षांचं आहे.

तुमचा हिशेब असा दिसतो: ताप आला, तीन आठवड्यांनी बहिणीची साखर प्रचंड वाढलेली सापडली, म्हणजे तापाने आजार दिला. माझाही हिशेब असाच झाला असता. पण यात आजार कळल्याचा दिवस हाच आजार सुरू झाल्याचा दिवस धरलेला आहे, आणि टाइप वनच्या बाबतीत गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या संशोधनाने सगळ्यात आधी मोडीत काढलं ते हेच गृहीतक. १९६५ मध्ये विली गेप्ट्स या बेल्जियन शास्त्रज्ञाने, आजार उघडकीला आल्यावर थोड्याच काळात दगावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यांपैकी १५ जणांत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या आजूबाजूला पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली. जिथे संसर्ग नाही तिथे शरीराच्या शिपायांचं काय काम? ते आपल्याच पेशींवर चालून गेले असावेत, असा संशय आला. मग १९७४ मध्ये जान फ्रँको बोताझ्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रुग्णांच्या रक्तात याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे शरीराने एखाद्या लक्ष्याविरुद्ध बनवलेली प्रथिनं, सापडल्या. त्यानंतर रुग्णांच्या भावंडांचं रक्त तपासलं गेलं, वर्षानुवर्षं पुन:पुन्हा, आणि लक्षात आलं की आजार होणार असलेल्यांच्या रक्तात या अँटिबॉडी आधी कित्येक वर्षं असतात. तेव्हा साखर अगदी व्यवस्थित असते, मूल खेळत-बागडत असतं.

धोका जास्त असलेल्या ८,००० हून अधिक बाळांना जन्मापासून पंधरा वर्षांचे होईपर्यंत तपासत राहणारा टेडी नावाचा अभ्यास अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमध्ये झाला. तिथे बऱ्याच मुलांच्या रक्तात पहिली अँटिबॉडी दिसली ती आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. म्हणजे तुमच्या बहिणीच्या बाबतीत गोष्ट बाराव्या वर्षी सुरू झाली असण्याची शक्यता फार कमी. तो ताप आला तेव्हा तिच्या बीटा पेशींतल्या, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींतल्या, कित्येक कधीच संपल्या असणार. तापात शरीराची इन्सुलिनची गरज वाढते. उरलेल्या पेशींना ती वाढीव गरज झेपली नाही आणि जे दोन-चार महिन्यांनी दिसणार होतं ते तीन आठवड्यांत दिसलं, एवढंच त्या तापाकडे बोट दाखवून म्हणता येईल.

विषाणूंचा काही संबंधच नाही, असं मात्र मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगणार नाही. संशय खरा आहे आणि जुनाही आहे. २०१९ मध्ये टेडीच्याच बाळांच्या शौचाचे नमुने तपासले, तेव्हा एंटेरोव्हायरस नावाच्या, आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंच्या 'बी' गटाशी धागा जुळला. मात्र येऊन जाणाऱ्या छोट्या संसर्गाशी नाही, तर महिनाभर किंवा अधिक काळ शरीरात ठाण मांडून बसलेल्या संसर्गाशी. नॉर्वेत नुकताच आजार कळलेल्या सहा प्रौढांच्या स्वादुपिंडाचा बारीक तुकडा काढून पाहिला, तिथेही या विषाणूच्या खुणा मिळाल्या. (तो अभ्यास सहावरच थांबवावा लागला, कारण तुकडा काढताना काहींना रक्तस्राव आणि गळतीचा त्रास झाला. हा अवयव जठराच्या मागे दडलेला असतो आणि त्याच्यातच पाचक रस भरलेले असतात. त्याला हात लावणं सोपं नाही. या आजाराचं संशोधन इतकं रेंगाळतं त्याचं हे एक अगदी साधं कारण आहे.) पण हे विषाणू लहानपणी जवळजवळ सगळ्यांनाच गाठतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना मधुमेह होतो.

आणि तुमचा पुरावा तर तुमच्याच घरात आहे. तोच ताप तुम्हालाही आला होता. आधी आला होता! विषाणू तोच, जनुकं तीच, घर तेच. तापात आजार देण्याचं बळ असतं तर आज दोघी इन्सुलिन घेत असता.

इथून आपोआप तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे जाता येतं: 'जनुकं तीच म्हणजे मलाही होणारच.'

आधी एक बारीक शंका. तुम्ही एकबीज, म्हणजे एकाच फलित बीजापासून झालेल्या, जुळ्या आहात हे कशावरून ठरलं? दिसण्यावरून असेल तर ते पक्कं नाही. द्विबीज (दोन वेगळ्या बीजांपासून झालेली) जुळीही कधी कधी इतकी सारखी दिसतात की आईची फसगत व्हावी. प्रकल्पात हे रक्तावरून तपासतीलच. द्विबीज निघालात तर तुमचा धोका साध्या भावंडाइतका, म्हणजे आयुष्यभरात साधारण पाच-सहा टक्के.

एकबीज आहात असं धरून चालू. टाइप वनच्या जनुकीय धोक्याचा साधारण अर्धा भाग एचएलए नावाच्या जनुकांत आहे; पेशींनी आतले प्रथिनांचे तुकडे बाहेर कसे मांडून दाखवायचे हे ती ठरवतात. त्याखेरीज लहानसहान वाटा असलेल्या ६० हून अधिक जागा सापडल्या आहेत. असं असूनही धोक्याची एचएलए जनुकं असलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यभर काही होत नाही, आणि ज्यांना टाइप वन होतो त्यांच्यापैकी ८५ टक्क्यांहून जास्त जणांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाच नसतो. जुळ्यांचं म्हणाल तर बहुतेक अभ्यासांत दुसऱ्या जुळ्याला आजार होण्याचं प्रमाण ३० ते ५० टक्के येतं. ८३ जोड्यांचा खूप लांबवर पाठपुरावा करणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वयाच्या साठीपर्यंत ते ६५ टक्क्यांवर गेलं. मोठा आकडा आहे, लपवत नाही. पण ज्यांना व्हायचा त्यांतल्या पुष्कळांना तो पहिल्या जुळ्यानंतर थोड्याच वर्षांत होतो, आणि ते सगळे त्या ६५ मध्ये मोजलेले आहेत. तुम्ही पंधरा वर्षं ओलांडून आला आहात. उरलेला धोका त्याहून कमी आहे; शून्य मात्र नाही.

तर मग तिला झाला आणि तुम्हाला नाही, हे कसं? मला या विषयातला सगळ्यात आवडता भाग हाच.

तुमची दोघींची जनुकं एक असली तरी तुमच्या टी पेशी (हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एक नाहीत. प्रत्येक टी पेशी आपला ग्राहक, म्हणजे ज्याने ती परका ओळखते तो भाग, जनुकांचे तुकडे कापून आणि वाटेल तसे जोडून तयार करते. जोडताना मध्ये चार अक्षरं मनानेच घालते. (अँटिबॉडीच्या बाबतीत ही कापाकापी सुसुमु तोनेगावांनी दाखवली आणि १९८७ चं नोबेल मिळवलं.) पत्त्यांचा कॅट तोच, पण दोघींचं पिसणं वेगळं. मग छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत या पेशींची परीक्षा होते. तिथे शरीर आपलंच इन्सुलिन थोडंथोडं मांडून दाखवतं, आणि जी पेशी त्यावर झडप घालेल तिला तिथेच संपवलं जातं. काही निसटतात. अगदी धडधाकट माणसांच्या रक्तातही इन्सुलिनकडे वळणाऱ्या टी पेशी सापडतात, बहुधा माझ्याही असतील. त्या गप्प का बसतात आणि कुणाच्या तरी शरीरात एके दिवशी का उठतात, यावर आज जगभर काम चाललंय.

मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. स्वादुपिंडाची स्लाइड दाखवली की मुलं वहीत लँगरहान्सची बेटं, म्हणजे बीटा पेशी असलेले पुंजके, हमखास फार मोठी काढत. प्रत्यक्षात गुलाबी-जांभळ्या पेशींच्या गर्दीत मध्येच एखादा फिकट गोल डाग दिसतो, तेवढंच ते बेट. अशी लाखो बेटं मिळूनही ग्रंथीचा एक-दोन टक्केच भाग भरतो. नंतर कधीतरी टाइप वनच्या रुग्णाच्या स्वादुपिंडाचं चित्र पाहिलं, इन्सुलिन तपकिरी रंगात उठून दिसेल असं रंगवलेलं. मला वाटलं होतं सगळं पुसलेलं दिसेल. तर एका कोपऱ्यातल्या बेटांत तपकिरी रंगाचा मागमूस नाही, आणि त्याला लागून असलेल्या भागातली बेटं शाबूत, तपकिरी, जणू काही घडलंच नाही. एकच माणूस, एकच रक्त, तीच जनुकं, तोच विषाणू असेल तर तोही तोच. एकाच ग्रंथीतल्या शेजारच्या बेटांचं नशीब जर इतकं वेगळं असतं, तर तुम्हा दोघींचं का, याचं उत्तर 'आपण काय केलं' यात शोधण्यात काही हशील नाही.

शिवाय 'ते एक कारण' असं काही असेलच असंही नाही. सात वर्षांच्या आत आजार झालेल्या मुलांच्या बेटांभोवतीची गर्दी आणि तेराव्या वर्षानंतर झालेल्यांची गर्दी यांत वेगळ्या पेशी दिसतात, असं इंग्लंडमधल्या एक्झिटरच्या संशोधकांनी दाखवलं आहे. कदाचित आपण ज्याला टाइप वन म्हणतो ते दोन-तीन वेगळे आजार असतील. आणि दोष नेहमी हल्लेखोरांचाच, हेही ठरलेलं नाही. बीटा पेशीचा मृत्यू हा खून की आत्महत्या, असा प्रश्न बोताझ्झोंनी १९८६ मध्येच विचारला होता. आजारी बेटांतल्या बीटा पेशी एचएलएच्या खुणा जरुरीपेक्षा जास्त बाहेर मांडतात, जणू 'या, इकडे या' म्हणून हाका मारतात. अजून त्यावर वाद चालू आहे.

(बाकीच्या संशयितांना एका परिच्छेदात निरोप देते, कारण बाकीच्या वाचकांचीही तीच पत्रं येतात. गोड खाण्याने टाइप वन होत नाही. लसींचा संबंध डेन्मार्कमध्ये सात लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींत तपासला, आढळला नाही. गाईच्या दुधातल्या प्रथिनांवरचा संशय पडताळायला २,१५९ बाळांना वर्षानुवर्षं पाहिलं. ती प्रथिनं आधीच तोडलेलं दूध दिलेल्यांत आणि नेहमीचं फॉर्म्युला दूध दिलेल्यांत २०१८ मध्ये काही फरक निघाला नाही. ज्या आया आजही वरचं दूध दिलं म्हणून स्वतःला कोसतात, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

आता ग्लुकोमीटर.

तुम्ही म्हणता तपासणी नको. पण तुम्ही तपासणी करताच आहात, महिन्यातून दोन-तीनदा, आणि तीही अशी की जिचं 'सगळं ठीक'सुद्धा खरं धरता येत नाही. आजाराच्या आता तीन पायऱ्या मानतात. पहिलीत दोन किंवा जास्त अँटिबॉडी असतात आणि साखर नॉर्मल. दुसरीत साखर थोडी डळमळू लागते, तीही बहुधा ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत कळते. लक्षणं येतात ती तिसरीत. बोट टोचून मिळणारा आकडा पहिली पायरी दाखवूच शकत नाही आणि दुसरीही बऱ्याचदा हुकवतो. म्हणजे तुम्ही भीती पुरेपूर भोगताय, आणि तिच्या बदल्यात मिळायला हवी ती माहिती मात्र मिळत नाही. हा सौदा वाईट आहे.

'कळून करायचं काय' हा प्रश्न काही वर्षांपूर्वी विचारला असता तर मी फार काही बोलले नसते. टेप्लिझुमॅब नावाचं औषध आहे. टी पेशींना आवरतं, चौदा दिवस रोज शिरेतून देतात. दुसऱ्या पायरीवरच्या ७६ नातेवाइकांवर त्याचा प्रयोग झाला. औषध न मिळालेल्यांपैकी निम्म्यांना साधारण २४ महिन्यांत मधुमेह झाला, मिळालेल्यांत तोच टप्पा गाठायला ४८ महिने लागले. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. आजार पुढे ढकलणारं हे पहिलं औषध. बरं करत नाही, सगळ्यांना लागू पडतं असंही नाही, पुरळ येतं, पांढऱ्या पेशी काही काळ कमी होतात. पण 'काहीच नाही' हे आता खरं राहिलेलं नाही. मूलपेशींपासून बनवलेली बेटं रोपून काही रुग्णांचं इन्सुलिन सुटल्याचे निकालही २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागली. म्हणून 'मूलपेशींनी मधुमेह कायमचा बरा' अशी जाहिरात करून पैसे मागणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

औषध बाजूला ठेवलं तरी एक साधा फायदा उरतो. अँटिबॉडी आहेत हे माहीत असलेल्या माणसाला आजार अचानक गाठत नाही. तहान, सारखी लघवी, वजन उतरणं हे दिसल्याबरोबर तो डॉक्टरकडे जातो, आणि रक्तात आम्ल साचून अतिदक्षता विभागात दाखल होण्याची वेळ बहुधा टळते. तुमच्या बहिणीच्या वेळचे ते दिवस तुम्हाला आठवत असतील.

मग महिनाअखेर काय सांगायचं? तुम्ही 'रक्त देणं' आणि 'कळणं' एकच धरलंय. ते वेगळं असू शकतं. पुष्कळ संशोधन प्रकल्प व्यक्तिगत निकाल देतच नाहीत; नमुन्याला क्रमांक पडतो आणि तो त्या क्रमांकानेच राहतो. काही प्रकल्प विचारतात की तुम्हाला कळवायचं का. संमतिपत्र घरी मागून घ्या, शांतपणे वाचा आणि प्रकल्पाच्या माणसाला विचारा: अँटिबॉडी बघणार का, निकाल मला सांगणार का, 'सांगू नका' म्हणता येईल का, मध्येच बाहेर पडता येईल का, आणि बहिणीला माझा निकाल कळेल का. शेवटचा प्रश्न विसरू नका. विमा काढायचा विचार असेल तर निकालाचा त्यावर काय परिणाम होतो, ते आधी विचारून घ्या.

माझं मत विचारलंत तर, रक्त द्या. एकीला आहे आणि एकीला नाही अशी एकबीज जोडी या संशोधनात दुर्मीळ असते. जनुकं सारखी ठेवून बाकी काय बदललं हे बघायला निसर्गाने दुसरी सोय केलेली नाही. निकाल कळवून घ्यायचा की नाही हे मात्र वेगळं ठरवा, महिनाअखेरीच्या घाईत नको. माझा कल कळवून घेण्याकडे आहे, कारण तुम्ही न कळण्याच्या शांततेत राहत नाही आहात. निकालात काही नसलं तर नजीकच्या वर्षांपुरता जीव भांड्यात पडेल. पुन्हा कधी तपासायचं ते डॉक्टर सांगतील. एकच अँटिबॉडी निघाली तर पुन्हा नमुना देऊन खातरजमा करावी लागते, आणि एकटी असेल तर तिचा अर्थ बराच सौम्य असतो. लहान मुलांत दहा वर्षांत साधारण १५ टक्के जणांपर्यंतच ती गोष्ट पुढे गेलेली दिसली. दोन किंवा जास्त निघाल्या तर मुलांत हाच आकडा ७० च्या आसपास जातो. तुमच्या वयात चाल सहसा संथ असते, पण मग नियमित पाठपुरावा हवाच.

काही न करण्याचा पर्यायही तुमच्याकडे आहे, आणि तो घेतलात म्हणून कुणी तुम्हाला भित्री म्हणू नये. तेव्हाही एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा. पुढे कधी, चाळिशीत-पन्नाशीत, साखर वाढलेली निघाली तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की माझ्या जुळ्या बहिणीला टाइप वन आहे. टाइप वन पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत केव्हाही होतो, आणि मोठ्या वयात झाला की तो टाइप टू समजून नुसत्या गोळ्यांवर ठेवला जाण्याचे प्रकार सर्रास होतात. त्या एका वाक्याने अँटिबॉडीची चाचणी लगेच होईल. ज्यांच्या सख्ख्या नात्यात टाइप वन आहे अशा सगळ्यांना हे लागू आहे, जुळे असोत-नसोत.

बोट टोचणं आजपासून बंद करा. तुमच्यासाठी ते निरुपयोगी आहे आणि बहिणीसाठी घातक. ते यंत्र प्रत्येक आकडा तारीख-वेळेसकट लक्षात ठेवतं. तिचे डॉक्टर ते आकडे पाहून इन्सुलिनचा डोस ठरवत असतील, तर त्यात महिन्याला दोन-तीन छान नॉर्मल आकडे तुमचे मिसळलेले आहेत.

आणि ती स्वतःही ते आकडे बघत असणारच. पंधरा वर्षं ज्या मुलीने रोज स्वतःची साखर मोजली, तिला रात्री अकरा वाजता यंत्रात आलेला ९२ हा आपला नाही, हे कळत नसेल असं मला वाटत नाही. डबीतली एखादी पट्टी कमी झालेलीही तिला कळत असेल. जुळ्यांच्या प्रकल्पासाठी ती तुमच्या मागे का लागली आहे, हे तिला एकदा विचारून बघा. तापाचंही तेव्हाच सांगून टाका.